जोडीतली ज्वाला

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

रेडिओवरून फोन आला तेव्हा मला वाटलं, ईद जवळ आली आहे, त्या निमित्तानं काही वाचायचं असेल. माझ्यासारख्या कवीला वर्षातून दोनदा बोलावणं येतं, एकदा ईदला आणि एकदा पावसाळ्यात. पण या वेळी विषय निघाला खेळाचा. आवडत्या खेळाडूवर पंधरा-वीस मिनिटं बोला, म्हणाले. मी म्हटलं, सचिनवर बोलणारे तुम्हाला शंभर मिळतील, मी ज्वाला गुट्टावर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अगदी सौम्य आवाजात प्रश्न आला, "सायना नेहवाल चालेल का?"

श्रोतेहो, विचारणाऱ्यांचा काही दोष नव्हता. बॅडमिंटन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या एका बाजूला एकटंच माणूस उभं राहतं. जुन्या पिढीला आठवतात नंदू नाटेकर. सांगलीचा हा देखणा खेळाडू १९५६ साली क्वालालंपूरला जिंकला आणि परदेशात स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळवलं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पुरुष दुहेरीचंही त्यांनी सहा वेळा मिळवलं आणि मिश्र दुहेरीचं पाच वेळा, हे कोणी सांगत नाही. सहाला सहा अशी बरोबरी आणि वर पाच, तरी आठवण एकेरीचीच. नाटेकरांची ही गत, तर जिनं आपलं सगळं आयुष्यच दुहेरीत घातलं तिची काय कथा!

ज्वालाची निवड मी केली त्यात थोडा स्वार्थही आहे. ती आमच्या बाजूची. आडनाव तेलुगू, वाढली हैदराबादला, पण जन्म वर्ध्याचा, ७ सप्टेंबर १९८३. वर्ध्याशी तिचा संबंध कसा आला, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिची आई येलन मूळच्या चीनच्या. त्यांचे आजोबा गांधीजींच्या सहवासात राहिलेले. १९७७ साली या आजोबांबरोबर येलन सेवाग्रामला आल्या, गांधी वाचायला, समजून घ्यायला. पुढे क्रांती गुट्टांशी लग्न झालं आणि त्या इथल्याच झाल्या. आश्रमाच्या त्या वाटेवर चरखा, प्रार्थना, कडुलिंबाची सावली. तिथून निघालेल्या घरातली मुलगी पुढे भारताची सर्वांत जोरात बोलणारी बॅडमिंटनपटू व्हावी, हे मला फार आवडतं. गांधीजींनाही आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. ते स्वतः तरी कुठं गप्प बसत होते!

हैदराबादला ती एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली तयार झाली. आरिफसाहेब म्हणजे या खेळातले उस्ताद. गोपीचंद त्यांच्याकडे शिकले, सायनाही शिकली. २००० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ज्वाला राष्ट्रीय कनिष्ठ विजेती झाली. त्याच वर्षी श्रुती कुरियनला जोडीला घेऊन तिनं दुहेरीत कनिष्ठ आणि वरिष्ठ अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं मारली. पुढं ही जोडी २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेती राहिली. सात वर्षं! एखादा क्रिकेटपटू सात डाव चांगला खेळला तर आपण त्याच्या नावाचा चौक करतो.

आता दुहेरी म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो. मी काही तज्ज्ञ नाही. पण नोकरीच्या काळात दहा-बारा वर्षं दररोज संध्याकाळी खेळलो, त्यातही दुहेरीच खेळलो, कारण कोर्ट एक आणि खेळणारे वीस.

एकेरीचं कोर्ट सतरा फूट रुंद, दुहेरीचं वीस फूट. म्हणजे माणसं दुप्पट झाली, पण जागा फक्त तीन फुटांनी वाढली. नवख्याला वाटतं, बरं झालं, काम निम्मं झालं. होतं उलटं. फूल दुप्पट वेगानं परत येतं, कारण समोरही दोघं आहेत. विचार करायला वेळ नाही. आणि सगळ्यात अवघड, फूल दोघांच्या बरोबर मधे आलं तर घ्यायचं कोणी? हा प्रश्न बोलून सुटत नाही. तो रोजच्या सरावात, वर्षानुवर्षं एकमेकांचे खांदे आणि पाय ओळखून सुटतो. हल्ला करताना एक पुढं नेटजवळ, एक मागं. बचाव करताना दोघं शेजारी शेजारी. या दोन मांडणींमधला बदल एका श्वासात व्हायला हवा, आणि तोही मागे वळून न बघता.

मी गझल लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हे सगळं शेरासारखं दिसतं. शेराच्या दोन ओळी असतात. पहिली उला, दुसरी सानी. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, तीनदा म्हणतो, लोक मान डोलावतात, पण टाळी पडत नाही. टाळी पडते दुसऱ्या ओळीवर. आता नेटजवळची खेळाडू बघा. ती सर्व्हिस अशी करते की फूल पट्टीला घासून जावं, परतीचं फूल असं खुडते की समोरच्याला ते वर उचलण्यावाचून गत्यंतर राहू नये. मग मागची उडी मारते आणि स्मॅश. टीव्हीवर तीच स्मॅश तीन कोनांतून पुन्हा दाखवतात. पहिली ओळ कोणी पुन्हा दाखवत नाही.

ज्वाला ही बहुतेक वेळा पहिली ओळ. तिच्या सर्व्हिसचा अंदाज येत नसे. हळूच टाकणार असं वाटावं आणि मनगटाच्या एका झटक्यात फूल डोक्यावरून मागे जावं. शिवाय ती डावखुरी. उजव्या हातानं खेळणाऱ्यांच्या जोडीत मागचा डावा कोपरा हा दुखरा भाग, तिथं बॅकहँडनं भागवावं लागतं. डावखुरीला तोच कोपरा फोरहँडचा. म्हणजे एक डावखुरी आणि एक उजवी अशी जोडी जमली की कोर्टाला दुखरा कोपराच राहत नाही. अशी उजवी तिला मिळाली, बंगळुरूची अश्विनी पोनप्पा. ज्वालापेक्षा सहा वर्षांनी लहान, शांत, आणि मागून स्मॅश असा की महिला दुहेरीत त्या वेळी तेवढ्या जोराचे मोजकेच.

मधे एक गोष्ट राहिली. मिश्र दुहेरीत ज्वालाचा जोडीदार होता केरळचा व्ही. दिजू. २००९ साली या दोघांनी चायनीज तैपेईची ग्रां प्री गोल्ड स्पर्धा जिंकली, आणि वर्षअखेरच्या सुपर सीरिज मास्टर्स फायनल्समध्ये पोचणारी ती पहिली भारतीय जोडी ठरली. तिथं अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या जोडीकडून हरली, पण जगाच्या क्रमवारीत पहिल्या दहांत गेली. एकाच काळात दोन जोडीदार, दोन वेगळ्या चाली. सकाळी दिजूबरोबर सराव, नंतर अश्विनीबरोबर. घरी दोन चुली मांडणाऱ्या बाईचं कौतुक आपल्याकडे कोणी करत नाही, तसंच हे.

आता तारीख १४ ऑक्टोबर २०१०. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस. तो दिवस बहुतेकांना आठवतो. हॉकीत ऑस्ट्रेलियानं आपल्याला आठ-शून्यनं लोळवलं होतं, देशाचा चेहरा पडला होता. पदकतक्त्यात इंग्लंड आपल्यापुढे, सुवर्णपदकं त्यांची सदतीस, आपली छत्तीस. सिरी फोर्टच्या बंदिस्त सभागृहात ज्वाला आणि अश्विनी सिंगापूरच्या शिंता मुलिया सारी आणि याओ लेई यांच्याविरुद्ध उतरल्या आणि २१-१६, २१-१९ असं जिंकल्या. सदतिसावं सुवर्ण. इंग्लंडशी बरोबरी. थोड्या वेळानं त्याच कोर्टावर सायना जिंकली आणि अडतिसावं आलं, भारत दुसऱ्या क्रमांकावर गेला.

आमच्या घरी त्या दिवशी सगळे टीव्हीसमोर होते. सायना जिंकली तेव्हा गल्लीत फटाके वाजले. माझ्या धाकटीनं मला विचारलं, "अब्बा, आधीच्या दोघी जिंकल्या तेव्हा का नाही वाजवले?" मी म्हटलं, तेव्हा लोक जेवत असतील. अडतीस होण्याआधी सदतीस व्हावे लागतात, हे त्या मुलीला मी समजावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण त्या प्रश्नानं मला माझ्याच एका गोष्टीची आठवण झाली.

ती गोष्ट अशी. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. मी बी.ए. करून एका सरकारी कार्यालयात कारकुनी करत होतो. आवारात सिमेंटचं कोर्ट होतं, चुन्याच्या रेघा, दोन खांबांवर दिवे, आणि वारा सुटला की खेळ बंद. माझा जोडीदार हिशेबाच्या टेबलावर बसायचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पोट सुटलेलं, पण कोर्टावर मागची सगळी बाजू एकटा सांभाळायचा. मी नेटजवळ उभा राहून हात फिरवायचो, धावायचा तो. त्या वर्षी आम्ही जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांची दुहेरीची स्पर्धा जिंकलो. चषक एकच होता. वाटणी अशी ठरली की सहा महिने त्याच्या घरी, सहा महिने माझ्या घरी. पुढे कार्यालयाच्या व्हरांड्यात विजेत्यांचा फळा लागला. पेंटरनं नावं रंगवली. आमच्या ओळीत माझं पूर्ण नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं, "व जोडीदार."

का, ते उघड होतं. मी स्नेहसंमेलनात कविता म्हणायचो, साहेबांना माझं नाव ठाऊक होतं. फळ्याची रुंदी कमी होती. मी जाऊन सांगायला हवं होतं की हे बदला. दोन दिवस मनात घोकलं. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "राहू द्या हो, फळा लहान आहे." आणि मी राहू दिलं. खरं सांगतो, आपलं नाव पांढऱ्या रंगात एकटं बघून मला आतून बरंही वाटलं होतं. तो फळा पुढची अनेक वर्षं तिथं होता. रोज सकाळी सही करायला जाताना आम्ही दोघं त्याच्यासमोरून जायचो.

तेव्हा ज्वाला गुट्टा गप्प बसत नाही, भांडते, ओरडते, तिला शिस्त नाही, असं लोक म्हणायला लागले, तेव्हा मी कुठल्या बाजूचा होणार हे ठरलेलंच होतं.

२०११ च्या ऑगस्टमध्ये लंडनला, वेम्बली अरीनात, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ज्वाला आणि अश्विनी उपांत्य फेरीत गेल्या, तिथं चीनच्या तियान चिंग आणि झाओ युनलेई यांच्याकडून हरल्या, आणि कांस्यपदक घेऊन आल्या. जागतिक स्पर्धेत भारताला याआधी एकच पदक होतं, १९८३ साली प्रकाश पदुकोण यांचं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी आलेलं दुसरं पदक, महिलांचं पहिलं आणि दुहेरीचंही पहिलं. त्याच वर्षी ज्वालाला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा तिच्या कारकिर्दीचा माथा म्हणायला हरकत नाही.

पण मला स्वतःला २०१२ ची गोष्ट जास्त जवळची वाटते, जिथं पदक नाही. लंडन ऑलिंपिक, पुन्हा तेच वेम्बली. ज्वाला महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन्ही प्रकारांत पात्र ठरली होती. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांत खेळणारी ती पहिली भारतीय बॅडमिंटनपटू. मिश्र दुहेरीत काही जमलं नाही, तिन्ही सामने गेले. महिला दुहेरीत पहिला सामना जपानच्या मिझुकी फुजी आणि रेइका काकिइवा यांच्याकडून गमावला. दुसऱ्यात चायनीज तैपेईच्या जोडीला २५-२३, १६-२१, २१-१८ असं हरवलं. तो पहिला गेम पंचविसापर्यंत कसा गेला ते आठवलं तरी तळहाताला घाम येतो. तिसऱ्यात सिंगापूरच्या त्याच जुन्या जोडीला सरळ दोन गेममध्ये घालवलं. गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले. मग गेम मोजले, मग गुण मोजले. आपल्या दोघी एका गुणानं मागे राहिल्या. एका गुणानं! तीन सामन्यांत मिळून शंभरावर गुण मिळवायचे आणि एकानं घरी यायचं.

आणि ही मोजणी कोणत्या रात्री झाली? ३१ जुलै. त्याच रात्री त्याच सभागृहात चार जोड्या मुद्दाम हरायचा प्रयत्न करत होत्या. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन, इंडोनेशियाची एक. पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सर्व्हिस नेटमध्ये मारत होत्या, फूल मुद्दाम बाहेर टोलवत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी चारही जोड्यांना स्पर्धेतून काढलं. आपल्या गटातला जपानविरुद्ध चायनीज तैपेई हा सामना जपाननं गमावला, म्हणूनच हिशेब गुणांवर आला होता. भारतानं त्या सामन्याबद्दल तक्रार केली, ती मान्य झाली नाही. जपानच्या जोडीवर काही ठपका आला नाही, आणि त्याच दोघींनी पुढे रौप्यपदक मिळवलं. तेव्हा मी त्यांच्यावर काही आरोप करत नाही. पण जिंकण्यासाठी जीव तोडणाऱ्या जोडीनं एका गुणानं बाहेर जायचं, ते नेमकं त्या रात्री, हे मला अजून पचत नाही.

त्यानंतर जोडी काही काळ थांबली. ज्वालानं विश्रांती घेतली, अश्विनी आपल्या प्रज्ञा गद्रेबरोबर खेळू लागली. इथं दुहेरीच्या धंद्यातली एक कडू गोष्ट सांगायला हवी. एकेरीतली खेळाडू दुखापत होऊन सहा महिने घरी बसली तर तिचं नुकसान तिचं एकटीचं. दुहेरीत एकीचा गुडघा दुखला तर दुसरीची कारकीर्द थांबते. क्रमवारीतले गुण माणसाचे नसतात, जोडीचे असतात. जोडी मोडली की नव्या जोडीचं खातं शून्यावरून. बक्षिसाचंही तसंच. मोठ्या स्पर्धांत विजेत्या जोडीची रक्कम एकेरीच्या विजेत्यापेक्षा किंचित जास्त असते, पण वाटे दोन पडतात. विमानाचं तिकीट मात्र अर्धं मिळत नाही.

आणि आपल्याकडे तर बाजारानं हा हिशेब उघडच मांडला. २०१३ साली इंडियन बॅडमिंटन लीग सुरू झाली. सहा आयकॉन खेळाडू जाहीर झाले, त्यात ज्वाला आणि अश्विनी. प्रत्येकाची मूळ किंमत पन्नास हजार डॉलर. लिलावाच्या वेळी बघतात तर या दोघींची मूळ किंमत पंचवीस हजारांवर आणलेली, आणि आपल्याला कोणी कळवलं नाही, असं दोघींनी सांगितलं. कारण काय? लीगमधून महिला दुहेरी हा प्रकारच काढून टाकला होता आणि त्याच्या जागी पुरुषांची आणखी एक एकेरी घातली होती. ज्वाला एकतीस हजारांना दिल्लीकडे गेली, अश्विनी पंचवीस हजारांना पुण्याकडे. फरक भरून देऊ असं आयोजकांनी मागाहून सांगितलं. पण फरक काय फक्त डॉलरचा होता? जागतिक पदक मिळवलेली जोडी, आणि तिच्या देशातल्या लीगमध्ये तिचा खेळच नाही!

त्या लीगमध्येच वाद पेटला. बंगळुरूच्या संघानं ऐन वेळी खेळाडू बदलला, दिल्लीच्या संघानं हरकत घेतली, सामना लांबला, आणि दिल्लीची कर्णधार म्हणून ठपका ज्वालावर आला. शिस्तपालन समितीनं शिफारस केली आजन्म बंदीची. आजन्म! ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयानं तिला खेळू द्या असं सांगितलं. ज्वालाचं प्रत्येक विधान मला पटतं असं नाही. जिथं अर्ध्या आवाजात भागलं असतं तिथंही तिनं पूर्ण आवाज लावला, असंही कधी वाटलं. पण ती जे सारखं मागत होती ते काय होतं? दुहेरीसाठी वेगळा प्रशिक्षक द्या, दुहेरीच्या मुलामुलींना परदेशी स्पर्धांना पाठवा, त्यांना उरलेसुरले समजू नका. यात बंड कुठं आहे?

परत आल्यावर दोघींनी २०१४ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवलं, दिल्लीत उबेर चषकात भारताला कांस्य मिळालं त्या संघात त्या होत्या, ग्लासगोच्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य. २०१५ ला कॅनडा ओपन जिंकली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेल्या आणि तिन्ही सामने हरल्या. तेव्हा ज्वालाचं वय तेहेतीसला आलं होतं. त्यानंतर ती हळूहळू बाजूला झाली आणि हैदराबादजवळ तिनं स्वतःची अकादमी काढली. चौदा राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. मी मुद्दाम "तिच्या नावावर" म्हटलं, खरं तर प्रत्येकापुढं आणखी एक नाव आहे.

तिनं मागितलेलं पुढं आलं का? थोडं आलं. २०१५ मध्ये मलेशियाचे तान किम हर दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून भारतात आले. त्यांनी दोन उंच पोरं एकत्र आणली, आंध्रच्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी. दोघंही मागून स्मॅश मारणारे. म्हणजे दोन सानी मिसरे, उला कोणीच नाही. दोघांनाही ही जोडी पटली नव्हती. मग चिरागनं पुढे यायचं, नेटजवळचं काम शिकायचं असं ठरलं, आणि तो शिकला. २०२२ ला बँकॉकमध्ये भारतानं थॉमस चषक पहिल्यांदा जिंकला, त्या अंतिम लढतीत इंडोनेशियाविरुद्धचा दुसरा विजय या दोघांचा. २०२३ ला आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, त्याच ऑक्टोबरात जगात पहिला क्रमांक, आणि खेलरत्न दोघांना मिळून. आता त्यांचा सामना असला की आमच्या चौकातल्या पानठेल्यावरही मोबाइल लावलेला असतो. अश्विनी तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही गेली, मूळच्या गोव्याच्या तनीषा क्रास्टोला घेऊन, स्वतः पस्तिशीला टेकलेली असताना. तिथंही गटातच हरल्या. शेवटचं ऑलिंपिक म्हणून सांगताना अश्विनी रडली.

जाता जाता एक परदेशातली गोष्ट. लंडनला त्या रात्री काढून टाकलेल्या इंडोनेशियाच्या जोडीत ग्रेसिया पोली होती. बदनाम होऊन घरी गेली. पुढच्या जोडीदारीणीनं दुखापतीनंतर खेळ सोडला. मग तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान अप्रियानी राहायू तिला मिळाली, आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, चौतिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, ग्रेसियानं सुवर्णपदक घेतलं. अंतिम सामन्यात एका रॅलीच्या मधेच तिच्या रॅकेटची तार तुटली. ती पळत बाजूला गेली, दुसरी रॅकेट उचलून परत आली, आणि तोवर कोर्टाची सगळी बाजू अप्रियानी एकटी सांभाळत होती. मी ते दृश्य यूट्यूबवर किती वेळा बघितलं असेल! रॅकेट बदलणारीला सगळे बघतात. मी दुसरीला बघतो.

हे भाषण लिहून झाल्यावर मी माझ्या जोडीदाराला फोन केला. तो निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे असतो, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. मी म्हटलं, रेडिओवर बोलणार आहे, फळ्याची गोष्ट सांगणार आहे, आणि तुमचं पूर्ण नाव घेणार आहे. तो हसला. म्हणाला, "नाव नका घेऊ बाप्पा, लोक फोन करत बसतात. त्या पोरींचंच सांगा." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि चषक तुमच्याकडेच आहे न हो? सहा महिने कधीचे होऊन गेले."

तो परवा येतो आहे. चषकाला लिंबू लावून घासून ठेवला आहे.